कावळ्याला न दिलेला पिंड

शिऱ्या,

काल तुझा दहावा झाला. म्हणजे फ्रीमाँटच्या गुरुजींच्या लेखी झाला. माझ्या लेखी अर्धाच झाला, आणि आईच्या लेखी तर झालेलाच नाही. तुझ्या केबिनमध्ये, तुझ्या त्या डगमगत्या टेबलाशी बसले आहे. दुपारपर्यंत निघायचंय, सहा तासांचा ड्राइव्ह आहे. पण हे तुला सांगितल्याशिवाय माझ्याने गाडीत बसवणार नाही.

मंडळातले लोक म्हणाले, चार ओळी लिहून द्या, ग्रुपवर टाकू. मी लिहिलं. जन्म नागपूरचा, अमुक कॉलेज, तमुक पीएचडी, पक्षी-संशोधक, मनमिळाऊ. वाचलं आणि म्हटलं, हा कोण बाप्पा? मनमिळाऊ आणि तू! तू तर मला भर जंगलात असा बोललास की मी पावणेदोन वर्षं तुझं तोंड पाहिलं नाही. आणि पाहिलं ते थेट इथल्या गावातल्या फ्युनरल होममध्ये. टाकलं पुसून सगळं.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा मला इथे आणलंस ते? मी नुकतीच सांता क्लाराच्या त्या नोकरीत मॅनेजर झाले होते आणि तुझ्यामागे लागले होते की बाबा रे, डेटाचं काही शीक, तुला कुठेही चिकटवते. तू म्हणालास, आधी माझं ऑफिस बघ. पहाटे उठवलंस, फोमची एक चटई हातात दिलीस आणि या रेडवुडच्या जंगलात उताणं झोपवलंस. थंडी अशी की दात वाजत होते, आणि महिना कोणता, तर जुलै! मी म्हटलं, अबे, हे ऑफिस? जंगलात झोपून वर बघायचा पगार देतात तुला? तू म्हणालास, "गप पड ताई. बोललीस तर ऐकू येणार नाही."

मग उजाडलं. नागपूरच्या माणसाला हिरवा रंग म्हणजे काय ते कळायला इथे यावं लागतं. झाडांचे बुंधे आपल्या धंतोलीतल्या खोलीहून रुंद. प्रत्येक फांदीला शेवाळ, शेवाळात नेचे, आणि नेच्यांच्या मुळांतल्या मातीत, दोन-अडीचशे फूट उंचावर, पालीसारखे सॅलॅमँडर राहतात म्हणालास, ज्यांनी जमीन कधी पाहिलीही नसेल. पडलेलं एक झाड होतं, त्याच्या पाठीवर हेमलॉकच्या झाडांची रोपं एका ओळीत उभी. माझ्या बुटाजवळून केळ्यासारखी पिवळी, बिनशंखाची गोगलगाय चालली होती. आणि पाऊस नसताना सगळीकडे टपटप टपटप. मी विचारलं, हे पाणी कुठलं? तू म्हणालास, "समुद्रावरचं धुकं आहे. इथे उन्हाळ्यात पाऊस नसतो, झाडंच धुकं गाळून पितात, आणि उरलेलं खाली पाडतात." तुझा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता. आईशी बोलतानाही नाही.

आणि मग तुझं ते पाखरू. मर्लेट. मला काही दिसलं नाही, खरं सांगते. वरून 'कीर, कीर' असा आवाज गेला आणि तू माझं मनगट धरलंस. समुद्रात मासे मारणारं, मैनेपेक्षा जरासं मोठं पाखरू. पण अंडं घालायला ते मैलोन् मैल आत जंगलात येतं आणि शेकडो वर्षांच्या झाडाची पाटाएवढी रुंद फांदी शोधतं. घरटं नाही, काडी नाही, शेवाळातल्या खळग्यात एकच अंडं. नर-मादी आळीपाळीने बसतात आणि पहाटे ड्यूटी बदलतात. तेवढाच वेळ ते माणसाला ऐकू येतात. त्या एवढ्याशा वेळासाठी तू पंधरा-सोळा उन्हाळे या चटईवर काढलेस. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ वेडा आहे. पण अभिमानाने सांगितलं रे. ते तुला कधी सांगितलं नाही.

आता त्या सप्टेंबरवर येते. टाळून चालणार नाही.

बाबांची तिथी होती. मी म्हटलं, या वर्षी दोघं मिळून करू, मीच येते तुझ्याकडे. या दोन शेगड्यांच्या किचनमध्ये मी खीर केली, वडे केले, कढी केली, आमसुलाची चटणी केली. तू चार वेळा येऊन वडे पळवलेस आणि पाठीत धपाटा खाल्लास. नैवेद्य झाला, आणि तू गरम पाण्याचा पाइप बघायला खाली गेलास. मी कावळ्याचं पान वाढलं. केबिनच्या अंगणात ठेवलं तर एक कावळा येईना. फ्रीमाँटला माझ्या घरीही हेच, तासभर बाल्कनीत उभं राहायचं आणि शेवटी शेजाऱ्याच्या कुत्र्याने खायचं. मग मला वाटलं, बाबांना जंगल आवडायचं, आपण आतच नेऊन ठेवू. गेले मागच्या पायवाटेने, तुझ्या त्या जागेपर्यंत, आणि त्या पडलेल्या झाडावर पान ठेवलं.

अर्ध्या मिनिटात आला. निळाभोर, काळं डोकं, काळा तुरा. याला 'स्टेलर्स जे' म्हणतात हे मला माहीत होतं, आणि हा कावळ्याच्याच घराण्यातला हेही तूच सांगितलेलं. मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं आणि पहिली चोच वड्याला मारली. बाबा वड्यालाच आधी हात घालायचे. मला हुंदकाच फुटला. मी तुला हाका मारल्या, "शिऱ्या, ये लवकर! बाबा आले बघ!"

तू धावत आलास. तोवर तिथे तीन होते. तुझा चेहरा मला अजून दिसतो. तू त्यांना हाकललंस, गुडघ्यावर बसलास आणि शेवाळात सांडलेलं भाताचं एकेक शीत वेचून टोपीत टाकायला लागलास. वेचता वेचता ओरडत होतास. "तुला किती वेळा सांगितलं ताई! इथे खायचं नाही, सांडायचं नाही! हे अंडी खातात, कळतं का तुला? एकदा घास मिळाला की हे जागा विसरत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा इथेच हुडकत येतील, खाली काही नाही मिळालं की वर हुडकतील!"

मी म्हटलं, "बाबांच्या घासापेक्षा तुझं ते पाखरू मोठं झालं?"

तू वर पाहिलंस आणि म्हणालास, "हो."

एवढंच. मी भांडी न घासता निघाले. निघताना म्हटलं, राहा मग त्याच्याचसोबत, मला भाऊ नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. तुला माझा राग माहीत होता. दोन दिवसांत उतरतो. पण या वेळी मी तो धरून ठेवला. आईच्या कॉलवर दोघं असायचो, तू "ताई कशी आहे" असं आईला विचारायचास आणि मी "बरी आहे म्हणावं" असं आईला सांगायचे. आई बिचारी टेलिफोन एक्सचेंज झाली होती.

मागच्या दिवाळीत तू मेसेज पाठवलास. "ताई, चकल्या पाठवणार का?" डबा भरलेला होता रे. तुझ्या नावाचा वेगळा काढून ठेवला होता. आणि मी काय लिहिलं? "नको. कण सांडतील जंगलात." तू अंगठा पाठवलास. आपल्या दोघांचं शेवटचं बोलणं ते. शेचाळीस वर्षांचा भाऊ, आणि त्याला माझा शेवटचा शब्द टोमणा.

मग दहा दिवसांपूर्वी डॅनाचा फोन आला. तुझ्याबरोबर इतके उन्हाळे काम केलेली ती, तिला मी एकदाच भेटले होते. ती तुझ्यापासून काही अंतरावर तिच्या जागेवर झोपून ऐकत होती. दोन तासांची पाहणी संपली, कॉफीचा थर्मास घेऊन ती तुझ्याकडे आली, आणि रोजच्यासारखं तिने विचारलं, "काही ऐकलंस?" तू उताणा, डोळे उघडे, वर बघत. तिला वाटलं, अजून ऐकतोयस. म्हणून ती शेजारी बसून राहिली, गप्प. किती वेळ ते ती सांगत नाही. हार्ट अटॅक होता म्हणतात. डॅना म्हणते, या वर्षी तुम्हाला मर्लेटचा एकदाही आवाज आला नव्हता. एप्रिलपासून जुलैपर्यंत, एकदाही नाही. धुकं कमी झालंय, समुद्र तापलाय, मासे खोल गेलेत, तू तिला रोज यातलं एक कारण सांगायचास. मला सांगितलं असतंस! मला काय कळलं असतं त्यातलं, पण ऐकलं तर असतं.

आईला मी कसं सांगितलं ते विचारू नकोस.

तिसऱ्या दिवशी आईच म्हणाली, "दहावा तिथंच कर. जिथं गेला तिथं. मुलगी असलीस तरी तूच कर, दुसरं कोण आहे त्याला? आणि कावळा शिवला की मला लगेच सांग. मी फोनजवळच बसते." मी हो म्हटलं. मला काय माहीत नव्हतं का, तू काय म्हणाला असतास? सगळं माहीत होतं. पण अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, तिला पोराचा चेहराही बघता आला नाही, तिला मी नाही म्हणू? म्हटलं, शिऱ्याचं पुष्कळ ऐकलं, आता एकदा आईचं. एक पिंड, लिंबाएवढा. एकाने काय होतंय?

परवा इथे पोचले. डॅनाने तुझं सामान खोक्यांत भरून ठेवलं होतं. मी तांदूळ, काळे तीळ, दर्भ बाहेर काढले, तिने विचारलं, हे काय? मी समजावलं. माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरचे हात जोडून सांगतात, तुझं अमुक करतो, तमुक बघतो, काळजी करू नको. नेमकी इच्छा सांगितली की शिवतो. ती नीट ऐकत होती. मग म्हणाली, "कुठे ठेवणार?" मी म्हटलं, तो होता तिथे.

ती उठली, तुझ्या टेबलाच्या खणातून काड्यापेटीएवढी एक डबी काढली आणि माझ्या हातात दिली. आत कापूस होता आणि त्यावर अंड्याच्या कवचाचा तुकडा. फिकट हिरवा, त्यावर तपकिरी ठिपके. कडेला टोचल्याची भोकं.

"मागच्या वर्षी जुलैत मिळालं," डॅना म्हणाली. "त्या पडलेल्या झाडाशेजारी. आमच्या पाहणीच्या प्लॉटमधलं ते शेवटचं अंडं. स्टेलर्स जेने खाल्लं, आम्ही दोघांनी पाहिलं."

मी विचारलं, "माझ्यामुळे?"

ती म्हणाली, "ते कोणीच सांगू शकत नाही. शिरीषही म्हणायचा, कोणीच सांगू शकत नाही. पण त्याने मला तुला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. मी ती आज मोडली. उद्या मी तुला अडवणार नाही. मी ट्रकमध्ये बसेन."

मागच्या जुलैत. शिऱ्या, मागच्या जुलैत! आणि चकल्या तू मागितल्यास दिवाळीत. म्हणजे ते कवच खणात ठेवून, सगळं मनात ठेवून, तू माझ्याकडे चकल्या मागितल्यास. आणि मी लिहिलं, कण सांडतील. तू तेव्हा फोन उचलून मला फाडून का खाल्लं नाहीस रे? भांडायला पाहिजे होतंस. मी रडले असते, चिडले असते, आणि दोन दिवसांनी डबा घेऊन आले असते. तू मला वाचवलंस असं तुला वाटलं असेल. वाचवलं नाहीस. ते सगळं एकदम, तू नसताना, अंगावर आलं.

काल पहाटे गुरुजी व्हिडिओवर आले. त्यांनी सांगितलं तसं इथेच ओट्याशी पिंड केला, तीळ घातले, तुझं नाव-गोत्र म्हटलं. "तासभर वाट बघा," ते म्हणाले, "नाहीच शिवला तर दर्भाचा कावळा करून शिववा, शास्त्रात सोय आहे." पिंड स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं, दर्भ जाकिटाच्या खिशात घातला आणि चालत तुझ्या जागेवर गेले. काल धुकं होतं. टपटप चालू होती. तुझी चटई जिथे असायची तिथलं शेवाळ अजून दबलेलं आहे.

मी बसले. डबा मांडीवर. आणि ते आले रे. एक, मग दुसरा, मग मोजायचं सोडलं. मी काही बाहेरही काढलं नव्हतं. तू म्हणाला होतास ना, विसरत नाहीत. एक तर माझ्या गुडघ्याजवळ उतरला आणि झाकणावर टक टक चोच मारायला लागला. तिकडे आपल्याकडे लोक नदीवर तास-तास 'काव काव' करत बसतात, घायकुतीला येतात, आणि इथे माझ्या मांडीवर कावळ्याचा भाऊबंद आ वासून उभा! झाकण उचललं की संपलं. आई नागपूरला फोनजवळ बसलेली, तिकडे संध्याकाळ झालेली. तिला सांगायचं, "शिवला गं, लगेच शिवला, त्याचं काही राहिलं नव्हतं." ती रडली असती, आणि मग झोपली असती. तू गेल्यापासून ती झोपलेली नाही.

माझा हात झाकणावर होता. खरं सांगते, मी ते अर्धं उचललंही.

मग वाटलं, हात तरी जोडावेत, काहीतरी म्हणावं. काय म्हणू? बायको नाही, पोरं नाहीत, घर नाही, "त्यांचं मी बघते" असं म्हणायला माणूस नाही. आईचं मी बघीन, हे तुला सांगायची गरज नाही. मग तुझं राहिलं काय? तुझं एकच राहिलं होतं, ते मला माहीत होतं आणि या पाखरांनाही माहीत असावं. आणि ते मी तुला कबूल करू शकत नव्हते. वरती सगळं गप्प होतं. मी कान देऊन ऐकलं, तुझ्यासारखं, श्वास रोखून. नुसती टपटप.

ज्याची इच्छा पुरी झाली नाही त्याचा पिंड, ज्याने ती मोडली त्यालाच चारून, वर 'झाली हो पुरी' म्हणायचं? मला नाही जमलं. मी झाकण दाबून बसवलं. दर्भाचा कावळाही केला नाही. खोटं ते खोटंच, गवताचं असलं तरी. तो निळा बराच वेळ टोचत राहिला, मग माझ्या हातावर एक चोच मारून उडाला. लागलं. अजून खूण आहे.

डॅनाने मला समुद्रावर नेलं. गुरुजींना विचारून पिंड पाण्यात सोडला. ते म्हणाले, चालतं. त्यांचं झालं.

आईला फोन किनाऱ्यावरूनच लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"शिवला?"

जिभेवर 'हो' होता, शिऱ्या. नोकरीत मी दिवसाला दहा वेळा 'सगळं ऑन ट्रॅक आहे' म्हणते, मला काय ते जड होतं?

"नाही आई," मी म्हटलं. "आले होते. मीच शिवू दिलं नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. पान, वडे, अंडं. इतक्या वर्षांत आईने तू काय करतोस ते कधी विचारलं नव्हतं, "पक्ष्यांचं काहीतरी करतो" एवढंच ती कॉलनीत सांगायची. काल तिने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. पोराला अडकवून ठेवलंस म्हणेल.

पण ती म्हणाली, "म्हणजे त्याचा जीव त्या पाखरात राहिला."

"हो आई."

"मग देऊन टाक ना गं ते पाखरू त्याला," आई म्हणाली. लहानपणी तुझं-माझं भांडण लागलं की माझ्या हातातली वस्तू बघून म्हणायची ना, अगदी त्याच आवाजात. "मोठी आहेस तू. देऊन टाक."